हळू सोड म्हणजे नेमकं किती हळू?

लागणारं साहित्य

गिअरची मोटारसायकल, एक. शंभर सीसीची, रोज कामावर जाणारी, टाकीला आधीच एखादा पोचा असलेली मिळाली तर उत्तम. नव्या गाडीवर शिकू नये, कारण मग शिकवणाऱ्याचं सगळं लक्ष गाडीकडे राहतं, तुमच्याकडे नाही. मैदान, एक. क्रिकेटवाली पोरं उतरायच्या आधीची सकाळची वेळ बरी. लर्निंग लायसन, एक. त्यासाठी वय १८ पूर्ण हवं. १६ व्या वर्षीही लायसन मिळतं असं कोणीतरी सांगेल. मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, आणि तेवढ्या इंजिनाची पेट्रोलची गाडी आता शोरूममध्ये शोधून सापडायची नाही. हेल्मेट, एक. बूट, दोन. मामा, एक.

यादीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू मामा. मामा नसल्यास काका, मोठा भाऊ किंवा खालच्या मजल्यावरचा दादा चालेल. वडील शक्यतो टाळावेत, त्यांना दुपारी पुन्हा जेवायला एकत्र बसायचं असतं. मामानं किमान वीस वर्षं गाडी चालवलेली असावी आणि ती कशी चालते याचा त्या वीस वर्षांत एकदाही विचार केलेला नसावा. असा मामा गाडी अप्रतिम चालवतो. शिकवायला बसला की मात्र त्याच्याकडे एकच वाक्य असतं: "क्लच हळू सोड."

तुम्ही हळू सोडता. गाडी दोन हिसके देते आणि बंद पडते. मामा म्हणतो, "अगं हळू म्हटलं ना!" तुम्ही आणखी हळू सोडता. बराच वेळ काही होत नाही, मग अचानक सगळं एकदम होतं, आणि मामा मागच्या सीटवरून मैदानावर उतरलेला असतो, स्वतःच्या मर्जीनं नव्हे. "इतकंही हळू नको," तो धूळ झटकत म्हणतो.

प्रस्तुत मार्गदर्शिका या दोन वाक्यांमधल्या जागेत काय असतं ते सांगण्यासाठी आहे.

इंजिनाचा स्वभाव

विजेच्या मोटरला स्विच दिला की ती उभ्या जागेवरून जोर लावते. म्हणूनच विजेच्या स्कूटरला ना क्लच लागतो, ना गिअर. १९७२ साली रस्त्यावर आलेल्या चेतकला डाव्या मुठीत क्लचही होता आणि मूठ पिरगाळून बदलायचे चार गिअरही. २०२० पासून त्याच नावानं विकल्या जाणाऱ्या विजेच्या चेतकला यातलं काही नाही. आकुर्डीच्या जुन्या चेतकवर आयुष्य काढलेल्या माणसांची डावी मनगटं काय ताकदीची होती, ते त्यांच्याशी हस्तांदोलन केलेल्यांना विचारावं.

पेट्रोलच्या इंजिनाला हे उभ्या जागेवरून जोर लावणं जमत नाही. ते आधीच फिरत असेल तरच पुढे फिरू शकतं. नुसतं उभं असताना, रेस न देता, ते मिनिटाला साधारण तेराशे-चौदाशे फेरे घेत असतं. त्याखाली फार ओढलं तर ते बंद पडतं. आता चाकाकडे पाहा: चाकाचे फेरे शून्य. एकाचे चौदाशे आणि दुसऱ्याचे शून्य अशा दोन वस्तू तुम्ही एका क्षणात पक्क्या जोडल्या तर दोघांपैकी कोणीतरी एक हरणार. चाकावर गाडीचं, तुमचं आणि मामाचं वजन आहे. इंजिन हरतं. यालाच आपण "गाडी बंद पडली" म्हणतो आणि गाडीला दोष देतो.

गिअर कशाला

थोडं गणित करू. घाबरू नका, आरटीओ हे विचारत नाही. शंभर सीसीच्या गाडीच्या मागच्या चाकाचा घेर दोन मीटरला थोडा कमी. ताशी ६० च्या वेगाला ते चाक मिनिटाला साडेपाचशेच्या आसपास फेरे घेतं. इंजिनाला खरा जोर येतो तो मिनिटाला पाच-सात हजार फेऱ्यांवर. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे दहा-बारा फेरे, असा हिशेब बसवावा लागतो. हा झाला टॉप गिअर. पहिल्या गिअरला हाच हिशेब तीसच्या घरात जातो. इंजिनाचे तीस फेरे चाकाच्या एका फेऱ्यात कोंबले की वेग जातो आणि जोर येतो. उभ्या गाडीला हलवायला, चढाला, मागे बसलेल्या मामाला हाच जोर लागतो.

पहिल्याच गिअरात ६० गाठायचं म्हटलं तर इंजिनाला मिनिटाला सोळा हजार फेरे घ्यावे लागतील. ते त्याआधीच मामाच्या वतीनं किंचाळेल. टॉपमध्ये उभ्या जागेवरून निघायचं म्हटलं तर ते एक शब्दही न बोलता मरेल. म्हणून मधले गिअर.

आता या गणितातून एक गोष्ट निघते, जी कोणताही मामा सांगत नाही, आणि तीच या मार्गदर्शिकेचं मुख्य पान आहे. पहिला गिअर, रेस शून्य, इंजिनाचे फेरे चौदाशे. भागिले तीस. चाकाचे फेरे सुमारे सेहेचाळीस. वेग होतो ताशी पाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याचा. पहिल्या गिअरात क्लच पूर्ण सोडलेली, रेस न दिलेली गाडी सपाट मैदानावर आपोआप, शांतपणे, चालत्या माणसाच्या बरोबरीनं जाते.

याचा अर्थ असा, की क्लच सावकाश सोडण्याची करामत फक्त शून्य ते ताशी पाच या टापूपुरती आहे. इंजिनाला त्या पाचाच्या खाली जाता येत नाही, चाकाला शून्यापासूनच यावं लागतं, आणि तेवढ्या अंतरात दोघांना कोणीतरी हाताला धरून आणायचं असतं. एकदा चालण्याचा वेग आला की क्लचचं मोठं काम संपलं. मुंबईहून गोव्यापर्यंत उरलेल्या सगळ्या प्रवासात तो फक्त हजेरी लावतो.

मुठीत नेमकं काय आहे

तुमच्या डाव्या हातातल्या लिव्हरपासून एक वायर निघते आणि इंजिनाच्या पोटात जाते. तिथे एक गोल डबा आहे. डबा इंजिन फिरवतं. त्याच्या आत एक छोटा हब आहे, तो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेला. डबा आणि हब यांच्यामध्ये चकत्यांची चळत: एक खरखरीत अस्तराची, एक नुसत्या पोलादाची, पुन्हा अस्तराची, पुन्हा पोलादाची. पापड लाटून रचताना मध्ये प्लास्टिकचा कागद घालतात तशी. अस्तराच्या चकत्यांचे दात बाहेरच्या डब्यात अडकलेले, त्या इंजिनाबरोबर फिरणार. पोलादी चकत्यांचे दात आतल्या हबमध्ये, त्या चाकाच्या बाजूच्या. ही सगळी चळत तेलात बुडालेली, आणि वरून एक प्रेशर प्लेट ती स्प्रिंगांच्या जोरानं दाबून धरते.

म्हणजे हात न लावलेला क्लच हा जोडलेला क्लच असतो. लिव्हर दाबलीत की तुम्ही काही जोडत नाही, स्प्रिंगांच्या विरुद्ध जाऊन प्लेट उचलता. चळत सैल पडते, चकत्या एकमेकींवरून मोकळ्या सरकतात, इंजिन आपलं फिरत राहतं आणि चाक आपलं उभं राहतं. नवशिका गोंधळतो तो इथेच. त्याला वाटतं, लिव्हर दाबणं म्हणजे काहीतरी करणं आणि सोडणं म्हणजे काही न करणं. प्रत्यक्षात सोडणं हीच कृती आहे. दाबताना कितीही पटकन दाबा, काही बिघडत नाही.

आता लिव्हर पूर्ण दाबून सावकाश सोडायला लागा. पहिला एक भाग पोकळ: काहीही होत नाही, चकत्या अजून सुट्या आहेत. शेवटचा एक भागही पोकळ: चकत्या केव्हाच घट्ट बसल्या आहेत, तुमचा हात उगाच शिष्टाचार पाळतो आहे. सगळा खेळ मधल्या बोटभर अंतरात. तिथे अस्तर पोलादाला घासू लागतं, इंजिनाचा आवाज किंचित खाली उतरतो, गाडीचं नाक जरासं उचलल्यासारखं होतं. गॅरेजवाला म्हणेल, "क्लच पकडला."

मामाच्या "हळू"चा अर्थ इतकाच: पकडेपर्यंत हवं तसं सोड, पकडल्यावर हात गोठव, आणि गाडी चालण्याच्या वेगाला आली की बाकीचा सोडून दे. मामा स्वतः हेच करतो. त्याला ते माहीत नाही, कारण हे ज्ञान त्याच्या बोटांत आहे आणि बोटांना बोलता येत नाही.

सरावासाठी रेस अजिबात न देता हे करा. पकडण्याची जागा सापडली की तिथे थांबा. गाडी आपली सुटेल. पुन्हा दाबा, थांबवा, पुन्हा सोडा. मामा "रेस दे, रेस दे" म्हणेल. देऊ नका. उजवा हात आणि डावा हात एकाच दिवशी शिकवायला काढले की दोघेही नापास होतात.

गिअरबॉक्समधील अफवा

गिअर टाकताना होणाऱ्या "खट्" आवाजावरून बहुतेकांचा समज असा, की आत दातेरी चाकं लांबून येऊन एकमेकांत घुसतात. हा समज सोडा. मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सगळ्या जोड्या सदासर्वकाळ एकमेकांत अडकलेल्याच असतात आणि चारही जोड्या एकाच वेळी फिरत असतात. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या शाफ्टला घट्ट असतं आणि दुसरं नुसतं बसलेलं, आपल्यापुरतं गरगरणारं. गिअर टाकणं म्हणजे त्या गरगरणाऱ्याला शाफ्टशी बांधणं. शेजारचं चाक बाजूला सरकतं आणि त्याच्या अंगावरचे जाड खुंटे याच्या खाचांत जाऊन बसतात. "खट्" तो त्या खुंट्यांचा.

सरकवायचं काम एक फोर्क करतो, फोर्कला चालवतो नागमोडी खाचा कोरलेला एक ड्रम, आणि ड्रमला फिरवतं तुमच्या डाव्या पायाचं पेडल. एका दाबाला ड्रम एकच घर पुढे जातो. तुम्ही कितीही रागावून पेडल हाणलंत तरी पहिल्यावरून थेट चौथा पडणार नाही. पूर्वी टाकीच्या बाजूला हाताचा दांडा असे. तो कुठल्या घरात आहे हे नजरेनं पाहावं लागे, आणि नजर रस्त्यावर ठेवणं हा स्वाराच्या आरोग्याचा प्रश्न होता. एका दाबाला एकच गिअर आणि पेडल पुन्हा मूळ जागी, ही सोय १९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या व्हेलोसेट कंपनीतल्या हॅरॉल्ड विलिस यानं शर्यतीच्या गाडीसाठी केली. आज स्प्लेंडरवर दूध घालणारा माणूस रोज पहाटे तीच सोय वापरतो.

चालत्या गाडीत गिअर बदलताना क्लच का दाबायचा? खुंटे खाचांत असताना त्यांच्यावर इंजिनाचा भार असतो, आणि भाराखाली ते निघत नाहीत. क्लच दाबून तो भार क्षणभर काढायचा, पायानं सरकवायचं, सोडून द्यायचं. रेस एकदम मिटली तरी भार जातो, म्हणून मुरलेला स्वार वरचा गिअर क्लचला न शिवताही टाकू शकतो. तुम्ही टाकू नका. पण एवढं लक्षात घ्या की इथे "हळू"चा काहीही संबंध नाही. दुसरा, तिसरा, चौथा टाकताना क्लच झटकन दाबून झटकन सोडायचा असतो. इथेही मामाचं ऐकून सावकाश सोडत बसलात तर गाडी मध्येच दम टाकते आणि मागचा रिक्षावाला तुमच्या शिक्षणात रस घेऊ लागतो.

कुठला गिअर कुठे

हे गाडीवर अवलंबून आहे. स्प्लेंडरसारख्या गाड्यांना सगळे गिअर पंजानं पुढे दाबत चढायचे आणि टाचेनं उतरायचे. पल्सरसारख्यांना पहिला खाली, बाकीचे वर. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, त्यातही पहिला वर आणि बाकीचे खाली. स्प्लेंडरवर वाढलेला माणूस तिच्यावर बसून घाईनं ब्रेक मारायला गेला की गिअर बदलतो आणि गाडी आहे त्याच वेगानं भिंतीकडे जाते. म्हैसूरच्या येझदीत तर गिअरचा दांडा वळवून वर आणला की तोच किक व्हायचा. या गाड्या अजून बाळगणारे हौशी लोक आहेत. त्यांच्याकडे शिकायला जाऊ नये, ते शिकवत नाहीत, इतिहास सांगतात.

न्यूट्रल, अर्थात सिग्नलवरची शोधमोहीम

न्यूट्रल म्हणजे एकाही चाकाला शाफ्टशी बांधलेलं नाही अशी अवस्था. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ती पहिल्याच्या अलीकडे असते, पण पल्सरसारख्यांत पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मधल्या अर्ध्या घरात लपलेली असते. सिग्नलला उभं राहून पायानं वर-खाली चाचपत "पहिला, दुसरा, पहिला, दुसरा" करणारे लोक तुम्ही पाहिले असतील. त्यांचा पाय वाईट नाही, वेळ वाईट आहे. गाडी पूर्ण थांबली की आतले खुंटे आहेत तिथेच अडकून बसतात, आणि समोर खाच नसेल तर पेडल हटवादीपणा करतं. शेवटचे दोन हात गाडी सरकत असतानाच न्यूट्रल पाडा, अलगद पडतं. थांबल्यावर सापडत नसेल तर गाडी पायानं जराशी पुढे-मागे हलवा. मीटरमधला न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला तरी क्लच एकदम सोडू नका. काही गाड्यांचा दिवा आशावादी असतो.

घाट

उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारी एक परंपरा आपल्याकडे आहे. कुंभार्ली किंवा वरंध उतरताना हे करू नका. गिअरमध्ये, रेस मिटवून उतरलात तर चाक इंजिनाला फिरवतं आणि इंजिन चाकाला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये हा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, तो तापतो, आणि तापलेला ब्रेक वळणावर काय करील ते त्यालाच ठाऊक. पेट्रोलचं म्हणाल तर एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ इंजेक्शनवाल्या बऱ्याच गाड्या रेस मिटवून गिअरमध्ये उतरताना इंजिनाचं पेट्रोलच तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते जाळावंच लागतं. वाचवणाऱ्याचा खर्च वाढला.

क्लच कसा मारावा

याचे तीन खात्रीचे मार्ग आहेत. चढावर सिग्नलला थांबून ब्रेकऐवजी हाफ क्लचवर, म्हणजे अर्धवट सोडलेल्या क्लचवर, गाडी तोलून धरणं, हा सगळ्यात लोकप्रिय. चकत्या घासत राहतात, तेल किती उष्णता वाहून नेणार? दुसरा म्हणजे चालवताना दोन बोटं कायम लिव्हरवर टेकवून ठेवणं, म्हणजे स्प्रिंगांना आयुष्यभर कुणीतरी हलकंसं ढकलत राहतं. तिसरा मार्ग, घरात उरलेलं कारचं इंजिन ऑइल मोटारसायकलमध्ये ओतणं. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इथे क्लच त्याच तेलात बुडालेला आणि घर्षणावरच जगणारा. डब्यावर "जासो एमए" लिहिलेलं पाहून घ्या, एवढं वाचता आलं तरी पुरे.

मेलेला क्लच ओळखणं सोपं. चढावर रेस द्या: इंजिन बोंबलतं, वेग वाढत नाही. गॅरेजमध्ये नेण्याआधी मात्र लिव्हर पाहा. तिच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. अजिबात नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला आहे आणि चकत्यांचा काही दोष नाही. ॲडजस्टरचा नट फिरवायचं काम आहे, पैसे मोजायचं नाही. उलट मोकळीक फार असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही चकत्या सुटत नाहीत, गिअर कर्कश पडतो आणि न्यूट्रल मुळीच सापडत नाही.

वायर तुटते ती लिव्हरपाशी, जिथे तिचं बोंड बसतं, आणि ती एकेक धागा करत, आठवडाभर आधी सूचना देत तुटते. महिन्यातून एकदा तिथे नजर टाका. दोन-तीन धागे सुटलेले दिसले की बदलून घ्या, आणि एक नवी वायर टूलकिटच्या कप्प्यात ठेवा. क्लचची वायर तुटल्यावर गाडी घरी कशी आणायची ते मामाला येतं, पण मामा दरवेळी बरोबर नसतो.